मागच्या सीटवरचा रस्ता

गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मेस्त्री हात वर करायचे. "तुम्ही जरा थांबा. आधी तिला बोलू द्या." ती म्हणजे गाडी. मग ते बॉनेटवर वाकायचे, डोळे मिटायचे आणि बिचारं गिऱ्हाईक आपली तक्रार गिळून बाजूला उभं राहायचं. निदान कधी चुकायचं नाही, म्हणून या उर्मटपणाला लोक कलावंताचा स्वभाव म्हणत. चुकलं असतं तर सरळ उर्मटपणाच म्हणाले असते.

वय झालं तसं त्यांनी गॅरेज भाच्याच्या हवाली केलं आणि हत्यारांची पेटी घेऊन ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. कान मात्र तसेच तिखट राहिले. नळ ठिबकला की हे उठले पान्यासह. दार करकरलं की हे निघाले तेलाची बुधली घेऊन. त्यांची बायको म्हणायची, "या घरात उंदरालासुद्धा मोकळेपणी कुरतडता येत नाही."

ही बायको आता अंथरुणाला खिळली होती. दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी बरं होण्याची भाषा केव्हाच सोडली होती, आता औषधं होती ती फक्त कळ कमी व्हावी म्हणून. सुरुवातीला ती "आई गं" म्हणाली की मेस्त्री जागच्या जागी उडत. उशी बदल, पायाखाली गुंडाळी ठेव, पलंग उंच पडतो म्हणून त्याचे पाय कापून आखूड कर, मग फारच बुटका झाला म्हणून खाली लाकडी ठोकळे लाव. तिने एकदा कण्हावं आणि यांनी अर्धा दिवस ठोकाठोक करावी. हळूहळू तिचं कण्हणं थांबलं. मेस्त्रींनी ते ठोकळ्यांच्या खात्यावर जमा केलं. "बघ, उंचीचाच प्रश्न होता," असंही एकदा म्हणाले.

तिने मागितलं एकच. "मला ताईकडे न्या."

ताई तिची थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची. नवरा गेलेला, गुडघे गेलेले, चार पायांच्या काठीच्या आधाराने घरातल्या घरात फिरायची. तिला इकडे येणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर न्या, पण धक्का बसता कामा नये, हाडं ठिसूळ झालीत. अँब्युलन्स करू, असं लेकीने सुचवलं, तर बायको पलंगावरून फणकारली.

"त्या गाडीतून आडवी उतरले तर ताई मला बघायच्या आधीच रडायला लागेल. आपल्या गाडीतून न्या. मेस्त्रीची बायको ना मी?"

एवढं ऐकल्यावर मेस्त्री कसले बसतायत! ते त्याच पावली शेडमध्ये गेले.

गाडी जुनी होती. लेक पोटात होती तेव्हा घेतलेली. मेस्त्रींनी मागच्या बाजूला दोन्ही तळवे टेकवून सगळा भार दिला आणि सोडला. धडधाकट गाडी असं दाबल्यावर एकदा वर येते आणि गप्प बसते. ही मात्र लाडावलेल्या पोरासारखी खालीवर नाचत राहिली. मागचे दोन्ही शॉकअप कामातून गेले होते.

गाडी बनवणाऱ्या कंपनीने हे शॉकअप बनवणं कधीच बंद केलं होतं. पण या जुन्या बांधणीत एक सोय होती. बाहेरची जाड नळी तशीच ठेवायची, तिचा वरचा मोठा नट सोडला की आतला दांडा, त्याचा दट्ट्या, तेल, सगळा कोथळा बाहेर काढता येतो. मग त्याच नळीत बाजारात मिळणारं, दुसऱ्या कोणी बनवलेलं तयार कार्ट्रिज सरकवायचं आणि नट परत आवळायचा. कवच जुनंच, आतला जीव नवा. मेस्त्रींच्या लाडक्या कामांपैकी हे एक काम.

दुकानात पार्टवाल्याने विचारलं, "साधे देऊ की गॅसचे?"

मेस्त्रींना हा अपमान वाटला. "साधे? आयुष्यात मी साधे बसवलेत कधी? पाळणा करायचाय का गाडीचा? सगळ्यात कडक असतील ते काढ."

लेक त्या दिवशी सुट्टीवर होती. ती शहरात बस चालवायची, आणि बापाचे कान नाही तरी बापाची जीभ तिने बरोबर उचलली होती. तिने दिवा धरला आणि मेस्त्री कामाला लागले. गाडी स्टँडवर चढली, चाकं निघाली, स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट त्या नळ्या, खाली उतरले. दोन बाजूंनी शिकंजे लावून त्यांनी स्प्रिंग दाबून धरली, एकदा या बाजूला पीळ, एकदा त्या बाजूला, अगदी सारखे. "इथे घाई केली की स्प्रिंग तोंड फोडते," ते म्हणाले. हे लेक लहानपणापासून ऐकत आली होती, तरी तिने मान डोलावली. वरचा नट गंजून नळीशी एकजीव झाला होता. त्याला तेल पाजलं, ऊब दिली, हातोडीने चहूबाजूंनी टकटक केलं आणि मग पाइप पान्यावर मेस्त्री अक्षरशः लटकले, तेव्हा कुठे तो हलला. आतून काळं पाणचट तेल निघालं. काठीला फडकं गुंडाळून त्यांनी नळी तळापर्यंत पुसली, दिव्यासमोर धरून आत डोकावले, पुन्हा पुसली.

नवं कार्ट्रिज सरकवण्याआधी त्यांनी नळीत थोडं नवं तेल ओतलं. "हे तेल दट्ट्यासाठी नाही. कार्ट्रिज तापतं, त्याची ऊब बाहेरच्या नळीला जायला मध्ये काहीतरी हवं. नाहीतर आतल्या आत जळतं बिचारं. हल्लीची पोरं हे तेल टाकत नाहीत. कोण बघतंय, म्हणतात."

"आणि तुम्ही बघताय," लेक म्हणाली.

"मी बघतोय ना!"

दुसऱ्या दिवशी मेस्त्री एकटेच चक्कर मारून आले. गाडी वळणावर तसूभरही झुकत नव्हती. स्टिअरिंग हातात असं बसलं होतं की रस्त्यावरचा खडा न् खडा बोटांना कळत होता. ते खुशीत शीळ घालतच घरात शिरले.

"झाली गं तुझी गाडी! रस्त्याला चिकटून चालते."

तालीम म्हणून बायकोला मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन आणायचं ठरलं. लेकीने तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, डोक्याखाली उशी दिली. मेस्त्रींनी गाडी फुलासारखी चालवली. आरशात त्यांना फक्त बायकोचे केस दिसत होते.

"कसं वाटतंय?"

"छान झालीय हो."

"आवाज? कुठे खडखड?"

"काही नाही. तुम्ही पुढे बघा."

मेस्त्रींना धन्य वाटलं. घरी आल्यावर लेकीने आईला पलंगावर ठेवलं, बराच वेळ आतच थांबली आणि मग शेडमध्ये आली. मेस्त्री हत्यारं पुसत होते. लेकीने मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. तीत दोऱ्याचा गुंता होता.

"हे काय?"

"सीटच्या कव्हरची शिवण. आईच्या हातात होती. धरून धरून उसवलीय तिने. खालचा ओठही फुटलाय."

"पण ती तर म्हणाली, छान झालीय..."

"बाबा, तुम्ही कधी मागच्या सीटवर बसलायत?"

मेस्त्रींनी आठवून पाहिलं. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. प्रत्येक गाडी त्यांनी चालवून पाहिली होती आणि प्रत्येक वेळी चालकाच्या जागेवरून.

"माझ्या बसमध्ये पुढे बसलेले लोक मला गाडी मस्त चालवता म्हणतात," लेक म्हणाली. "सगळ्यात मागच्या बाकावरचे शिव्या घालतात. रस्ता तोच, बस तीच. चला, झोपा मागे."

ते झोपले. पाय दुमडून, कुशीवर, बायकोच्याच उशीवर डोकं ठेवून. लेकीने गाडी काढली. आडवं झाल्यावर डोकं जवळजवळ मागच्या चाकावरच येतं, ही गोष्ट मेस्त्रींना या वयात कळली. पहिला खड्डा खांद्यात घुसला. दुसरा कमरेत. ज्या कडकपणावर ते भाळले होते, तो चाकाला बसलेला प्रत्येक ठोसा जसाच्या तसा वर पाठवत होता, एक कणही स्वतःकडे न ठेवता. शाळेजवळच्या गतिरोधकावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आई गं!"

आणि त्यांची हाडं शाबूत होती.

लेकीने गाडी थांबवली. मागून काहीच आवाज येईना म्हणून तिने वळून पाहिलं. मेस्त्री उशीत तोंड खुपसून रडत होते. बायको मरणार हे कळलं त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. त्या दिवशी दोष त्यांचा नव्हता. आज त्यांनी स्वतःच्या हाताने, नीट तेल ओतून, तिच्यासाठी यातना बसवल्या होत्या, वर शीळही घातली होती. आणि तिने त्यांना "छान" म्हटलं होतं.

पार्टवाल्यासमोर जाऊन "साधे दे" म्हणताना मेस्त्रींनी नजर वर केली नाही. तोही शहाणा, हसला नाही.

हे साधे, नुसत्या तेलावर चालणारे कार्ट्रिज होते. दांडा दाबला की मुकाट्याने आत जायचा आणि तिथेच राहायचा, गॅसच्या कार्ट्रिजसारखा उसळी मारून परत यायचा नाही. मेस्त्री अशांना आयुष्यभर मेंगळट म्हणत आले होते. शिवाय ते नळीपेक्षा दोन बोटं आखूड निघाले. असेच बसवले असते तर नट टेकला असता, पण आत कार्ट्रिज सैल राहून टकटक करत बसलं असतं. मेस्त्रींनी पाइपाचा तुकडा कापला, कानशीने त्याची तोंडं सपाट केली, नळीच्या तळाशी बसवून पाहिला, काढला, आणखी घासला. असं कितीदा तरी केलं. शेवटी कार्ट्रिजचं डोकं नळीच्या काठापेक्षा केसभर वर राहिलं, नट आवळल्यावर गच्च दाबून धरलं जाईल इतकं. तेल या वेळीही ओतलं. चाकांतली हवासुद्धा थोडी कमी केली, आणि हे करताना इकडेतिकडे बघून घेतलं, कारण हवा कमी ठेवणाऱ्याला ते गाढव म्हणत.

मग ते पुन्हा मागे झोपले. लेकीला त्यांनी गावातले सगळे खड्डे आणि सगळे गतिरोधक पालथे घालायला लावले. गाडी वळणावर झुकत होती, खड्ड्यातून निघाल्यावर किंचित डुलत होती. चालवणाऱ्याला मळमळावं असं ते चालणं.

"पाळणा झालाय बाबा," लेक म्हणाली.

"होऊ दे. त्या खड्ड्यातून परत एकदा ने."

निघायच्या दिवशी लेकीने आईची बॅग भरली. मेस्त्रींनी ती उचलली आणि म्हणाले, "दोन दिवसांसाठी एवढं वजन? काय, कपाट भरलंयस?" लेकीने बॅग त्यांच्या हातून घेऊन गाडीत ठेवली. तीही बरोबर निघाली होती. वाटेत आईला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

डोंगराचा रस्ता लागला तशी मेस्त्रींनी गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून थकले आणि शेवटी शिव्या देत पुढे गेले. मेस्त्रींनी त्यांना हाताने वाट करून दिली. कुणालाही उलट शिवी दिली नाही, यावरून काय ते समजा. चढावर, वळणावर, पुलाच्या सांध्यांवर ते कान मागे लावून होते. मागे मायलेकी काहीतरी हळू बोलत होत्या. एकदा तर बायको चक्क हसली. पुढे ती झोपली, आणि दातखिळी बसल्यासारखी नव्हे, तोंड उघडं टाकून, घोरत झोपली. ते घोरणं ऐकत मेस्त्रींनी घाट उतरला. तेवढा सुखाचा प्रवास त्यांनी जन्मात केला नव्हता.

ताई दारातच उभी होती, चार पायांची काठी धरून. लेकीच्या आणि मेस्त्रींच्या हातांवर बायको आत आली, तशी ताई म्हणाली, "अगंबाई, काय गं ही तुझी दशा! माझ्यापेक्षा लहान ना तू? मोठ्यांच्या पुढे जायची सवय काही सुटली नाही मेलीची."

"तुझे गुडघे येतायत कुठे माझ्याबरोबर," बायको म्हणाली, आणि दोघी हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मेस्त्री बाहेर जाऊन उगाच टायर बघत बसले.

खिडकीपाशी पलंग टाकलेला होता. स्वच्छ चादर, जवळ घंटी, औषधांसाठी फळी. शेजारी एक नर्सबाई राहायची, ती दोन्ही वेळा येऊन जाणार होती. मेस्त्रींना वाटलं, दोन दिवसांच्या पाहुणीसाठी ताईने केवढी तयारी केली! दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र बायकोने त्यांना जवळ बसवून घेतलं. लेक आणि ताई स्वयंपाकघरात गेल्या, आणि जाताना लेकीने दार ओढून घेतलं.

"अहो, मी इथेच राहते."

"राहा की. आणखी आठवडाभर राहू आपण."

तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मेस्त्रींना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांना पलंग दिसला, फळी दिसली, कोपऱ्यातली ती जड बॅग दिसली.

"पण मी गाडी..." ते खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाले. "परतीला तो मोठा चढ आहे, म्हणून मी जास्तीचा फोम आणलाय. आणखी मऊ करतो हवं तर. तुला काही त्रास होणार नाही."

"गाडी खरंच छान झालीय. आज खोटं नाही बोलत. मी झोपले की नाही?"

"मग?"

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या चिरांत अजून काळं तेल होतं.

"तिकडे मला कण्हता येत नाही हो."

मेस्त्रींना पलंगाखालचे ते ठोकळे आठवले.

"मी हूं केलं की तुम्ही उठता. तुमचा चेहरा कसा होतो, तुम्हाला माहीत नाही. मग तुमच्यासाठी मी दात आवळते. दिवसभर आवळते. दुखण्यापेक्षा त्यानेच जास्त थकते मी. ताईपुढे मी लहानपणापासून भोकाड पसरत आले. ती उठायची नाही, तिला चटकन उठताच येत नाही. बसून राहील आणि मला रडू देईल."

"मीही बसून राहीन. शपथ घेतो. हात बांधून बसेन मी."

"नाही जमायचं तुम्हाला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मेस्त्रींचं निदान केलं होतं, आणि ते अचूक होतं.  त्यांनी विचारलं, "मी येऊ ना पण?"

"या ना! दर आठवड्याला या. मी केस विंचरून बसेन. फक्त राहू नका."

त्यांनी तिचे केस मागे सारले. तिची उशी एका बाजूला सरकली होती. ती नीट करायला त्यांचा हात पुढे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. ती हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांच्याही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांसमोर असं उघडं रडायची वेळ दोघांनी आजवर येऊ दिली नव्हती.

लेक काही दिवस आईजवळ थांबणार होती. ताईने मेस्त्रींना दारापर्यंत सोबत केली. "माझ्यावर राग धरू नका हं," ती म्हणाली. मेस्त्रींनी मान हलवली. 

ते रेंगाळत अंगण ओलांडून फाटकाशी पोचले, तेव्हा खिडकीतून तो आवाज आला.

आधी त्यांना कळलंच नाही की तो तिचा आहे. लांबलचक, खोल, लाज सोडलेला आवाज. किती महिने दाबून ठेवला होता कुणास ठाऊक. मागोमाग ताई म्हणाली, "हं, ओरड गं बाई, ओरड." मेस्त्रींचे पाय आपोआप घराकडे वळले. पाऊल उचललंही गेलं. मग त्यांनी फाटक घट्ट धरलं, स्वतःला थोपवण्यासाठी, आणि फाटक करकरलं. हाताला आयुष्यभराची खोड. त्यांनी बिजागरी कुठे धरतेय हे बघायला ते पुन्हा एकदा हलवलं.

घरातला आवाज तुटला. एकदम, मध्येच.

मेस्त्री जिथल्या तिथे उभे राहिले. आत शांतता होती, आणि ती शांतता कसली आहे, हे आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बायको कान देऊन होती. हे अजून इथेच आहेत, हे तिला कळलं होतं.

ते घाईघाईने गाडीत बसले. इंजिन चालू केलं. गाडी उगाच गुरगुरवणाऱ्यांना त्यांनी जन्मभर गाढवात काढलं होतं. आज त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, शेजारच्या घरांतून माणसं डोकावून बघू लागली तरी दाबून धरला, आणि मग पहिल्याच गिअरमध्ये, इंजिनला रडवत, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, म्हणजे तिला खात्रीने ऐकू जाईल की ते गेले.